शालीखालची चौथी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, आणि जगाचा सगळा इतिहास माझ्याभोवती घडलेला आहे. माझ्यापायी राज्यं बुडाली, सख्ख्या भावांनी एकमेकांना ओळख दाखवली नाही, भल्याभल्यांनी आपली मतं धुऊन वाळत घातली. मला मिळवण्यात माणसं उभं आयुष्य घालवतात, आणि मिळाल्यावर मला सोडणं त्यांच्या जिवावर येतं.

हे झालं माझ्या घराण्याबद्दल. मी स्वतः जेवणाच्या टेबलाची चौथी खुर्ची आहे. घरात माणसं तीन. त्यामुळे माझ्यासाठी कुणी राज्य सोडाच, टीव्हीसमोरची जागासुद्धा सोडलेली नाही. आयुष्याची बरीच वर्षं माझ्यावर वाळलेले आणि घडीची वाट पाहणारे कपडे बसत आले.

तरीही मी मान खाली घालून बोलणार नाही. एक तर मला मान नाही. पाठ आहे, आणि ती ताठ आहे. मधल्या काळात माझ्यावर असा आरोप झाला की या घरच्या सूनबाईची पाठ मी बिघडवली. हा आरोप मी साफ नाकारते. सगळी हकीकत ऐका आणि मग खुशाल निकाल द्या.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. आम्ही चार बहिणी, एकाच लाकडाच्या. आम्हाला पसंत करायला सासूबाई आल्या होत्या. तेव्हा त्या सासूबाई नव्हत्या, नुकतंच लग्न होऊन स्वतःचं घर मांडत होत्या. माझ्यावर बसून त्या म्हणाल्या, "हिची पाठ फारच सरळ आहे हो."

"जेवायलाच बसायचंय ना?" सुतार म्हणाला. "मग बरी आहे. फार सुखाची केली तर जेवून झाल्यावर कुणी उठायचं नाही. मग भांडी कोण घासणार?"

सासूबाईंना हे इतकं पटलं की त्यांनी भाव करायचंच सोडून दिलं. माझं आयुष्यातलं काम त्या दिवशी ठरलं. एक जेवण होईपर्यंत माणसाला धरून ठेवायचं आणि मग त्याला त्याच्या कामाला सोडून द्यायचं. मित्रांनो, हे काम मी चोख केलं. माझ्यावर बसून पाहुणे पोटभर जेवले, "आता पुरे" म्हणाले, आणि पुन्हा जेवले. माझी पाठ दुखते असं एकानेही म्हटलं नाही. वाढणारीच्या हाताचं कौतुक झालं. माझं झालं नाही, पण ते असू दे.

पुढे घर बदललं. हमालाने तिघी बहिणींना खांद्यावरून उतरवलं आणि मला जिन्यावरून एकटीलाच पुढे पाठवलं. मी सगळ्यांच्या आधी खाली पोचले, पण माझा डावा मागचा पाय जरा झिजून पोचला. तेव्हापासून त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी असते. डुगडुगणाऱ्या खुर्चीवर पाहुण्याला बसवत नाहीत, म्हणून मी भिंतीकडे गेले आणि कपड्यांची झाले. सासूबाईंचे यजमान गेले, मुलगा मोठा झाला, त्याने चष्म्याचं दुकान काढलं, सूनबाई आली. मी भिंतीशीच होते.

सूनबाई प्रवासी कंपनीत नोकरीला होती, हरवलेल्या सामानाच्या विभागात. कुणाची बॅग भलत्याच गावी उतरली की तो माणूस हिला फोन करून ओरडे. ही शांतपणे विचारी, "बॅगेचा रंग?" तो म्हणे, "काळा." सगळ्यांच्या बॅगा काळ्याच असतात, आणि प्रत्येकाला वाटतं आपली काळी वेगळी. मग ही हळूहळू मुठीला बांधलेली रिबिन, तुटलेलं चाक, आत ठेवलेलं लोणचं असं एकेक त्याच्याकडून काढून घेई आणि बॅग शोधून देई. तिच्या हाताला यश होतं. नोकरी मात्र अजून कायम झाली नव्हती.

एके दिवशी कंपनीने कार्यालयाचा मजलाच सोडून दिला. "यापुढे तुमचं घर हेच आपलं कार्यालय," असं साहेबांनी कळवलं. आपलं म्हणजे त्यांचंसुद्धा, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आमच्या घरात इंटरनेट फक्त फ्रिजच्या शेजारी नीट पोचतं. जेवणाचं टेबल तिथे मावेना. तेव्हा सूनबाईने इस्त्रीचं लांबट टेबल उघडून त्यावर लॅपटॉप ठेवला, माझ्यावरचे कपडे उचलून पलंगावर टाकले, आणि ती माझ्यावर बसली. इतक्या वर्षांनी माझ्यावर माणूस बसलं होतं, मित्रांनो! मी इतकी हरखले की डुगडुगले.

दुपार झाली, मी ताटाची वाट पाहत राहिले. ताट आलं नाही. संध्याकाळ झाली, सूनबाई उठली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. ज्या दिवसापासून ती दिवसभर माझ्यावर बसू लागली, त्या दिवसापासून ती माझ्यावर बसून एकदाही जेवली नाही. जेवणाच्या खुर्चीचा याहून मोठा अपमान माझ्या ऐकण्यात नाही.

तुम्ही विचाराल, दुपारची जेवणाची सुट्टी नव्हती का? होती. त्या सुट्टीतच तर सगळा घोळ होता.

घरी बसून माणसं उदास होतात, त्यांच्या पाठी धरतात, असं कंपनीच्या कानावर आलं होतं. तेव्हा कंपनीने 'सदा प्रसन्न' नावाचा उपक्रम सुरू केला. रोज तासभर सगळ्यांनी पडद्यावर एकत्र यायचं आणि स्वास्थ्य शिकायचं. कामाच्या वेळेत स्वास्थ्य बसेना, म्हणून ते जेवणाच्या सुट्टीत बसवलं. यायचं ऐच्छिक होतं. न येणाऱ्यांची नोंद ठेवली जाईल, एवढंच कळवलं होतं.

शिकवायला एक बाई येत. त्यांचा आवाज सतत हसरा असे. मीटिंगला बोलावलंय हेही त्या लॉटरी लागल्यासारखं सांगत. सासूबाईंनी त्यांचं नाव प्रसन्नबाई ठेवलं. पहिला आठवडा श्वासावर गेला. सूनबाई लहानपणापासून श्वास घेत होती, पण ती तो चुकीचा घेत होती असं निघालं. पुढचा आठवडा पाणी पिण्यावर गेला. त्यानंतर कृतज्ञतेचा आठवडा आला. त्यात प्रत्येकाने एकेका गोष्टीचे आभार मानायचे होते. सूनबाईने फ्रिजचे मानले, कारण मागे टेकायला तोच होता.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन उभ्या राहत. "अगं, येतेस का जेवायला?"

सूनबाई तोंड न हलवता पुटपुटे, "आई, कॅमेरा चालू आहे."

"मग त्याला पण वाढू का?"

सूनबाईची पाठ धरली ती याच दिवसांत. प्रसन्नबाई म्हणाल्या, "मित्रमैत्रिणींनो, बहुतेकांच्या बाबतीत शत्रू आपल्याखालीच असतो. आपली खुर्ची!" मला राग आला, पण मी उठून जाऊ शकत नव्हते. सूनबाईने मात्र तो मुद्दा उचलला आणि साहेबांना फोन लावला.

"सर, ऑफिसातल्या चाकाच्या खुर्च्या होत्या ना? माझी मला घरी पाठवता येईल का?"

"त्यांची विल्हेवाट लावली हो."

"मग एखादी दुसरी? 'सदा प्रसन्न'मधून?"

साहेबांनी वर विचारलं. वरून उत्तर आलं की खुर्ची ही वस्तू आहे आणि स्वास्थ्य ही आतली अवस्था आहे, सबब उपक्रमात फर्निचर बसत नाही. उपक्रमात फर्निचर बसत नव्हतं आणि सूनबाई फर्निचरवर बसवत नसताना बसली होती.

रात्री नवरा दुकानातून आला. "तुझं बरं आहे, दिवसभर बसून असतेस," तो चपला काढता काढता म्हणाला. "मी बघ, दिवसभर उभा."

"चल, पाठी बदलू. तुझी मला दे."

"नको," तो म्हणाला, "तुझी परत करायची म्हटली तर कुणी घ्यायचं नाही."

पण तो प्रेमळ माणूस आहे. तेवढ्यात कंपनीने 'माझा आनंदी कोपरा' अशी छायाचित्रांची स्पर्धा जाहीर केली, आणि बायकोला तेवढंच बरं वाटेल म्हणून त्याने बाह्या सरसावल्या. शेजाऱ्यांची कुंडी उसनी आणली. इस्त्रीच्या टेबलावर फुलाफुलांची चादर अंथरली. फ्रिज चौकटीबाहेर काढला. आणि माझ्यावर, मित्रांनो, सासूबाईंची ठेवणीतली शाल टाकली. शाल घालतात ती सत्काराला, हे मी ऐकून आहे. माझ्यावर ती मी दिसू नये म्हणून घातली होती. दिव्याखाली फोटो असा काही आला की सूनबाई स्वतःच म्हणाली, "अय्या, इथे कोण राहतं?"

दुसरं बक्षीस मिळालं. एक मऊ रबरी चेंडू. ताण आला की तो मुठीत दाबायचा.

सासूबाईंनी तो दाबून पाहिला. "पिळायचं, आणि रस काही नाही?"

चेंडूचं हसू झालं, पण फोटोचं हसू झालं नाही. पुन्हा कळ आली तेव्हा सूनबाईने पुन्हा फोन केला. साहेब मनापासून चकित झाले. "अहो, पण तुमच्या कोपऱ्याला तर बक्षीस मिळालंय! वरच्यांनी तो फोटो सगळ्या शाखांना पाठवलाय. घरून काम किती आरामात होतं याचा नमुना म्हणून. आता तुम्हीच खुर्ची मागितलीत तर कसं दिसेल?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि हे बघा, या महिन्यात तुम्हाला कायम करण्याचा विषय निघणार आहे. उपक्रमातला सहभागही बघतात. सांभाळून घ्या."

सूनबाईने फोन ठेवला आणि माझ्या पाठीला पाठ लावून बसून राहिली. आपण उसन्या कुंडीत आणि सासूच्या शालीत स्वतःलाच पकडून दिलं, हे तिला कळलं होतं. मलाही कळलं होतं. शाल अजून माझ्यावरच होती. न जाणो, कुणी कोपरा बघायला मागितला तर, म्हणून नवऱ्याने ती काढू दिली नव्हती. आत मला उकडत होतं.

त्यानंतरच्या आठवड्याचा विषय पडद्यावर आला आणि सूनबाईने तो दोनदा वाचला. विषय होता, 'जेवणाच्या सुट्टीचे महत्त्व'. वेळ, जेवणाच्या सुट्टीत. कॅमेरा चालू ठेवावा. साहेब स्वतः उपस्थित राहतील.

व्याख्यान सुरू झालं. पडद्यावर चौकोनाचौकोनांत माणसं बसली होती, सगळी भुकेली आणि सगळी हसरी. प्रसन्नबाई सांगत होत्या, "दुपारी काम बाजूला ठेवा. पडद्यापासून दूर जा. निवांत, चावून जेवा. ही वेळ फक्त तुमची आहे! आता मला सांगा, आज किती जण असे जेवलात?"

कुणी हात वर केला नाही. कुणी हसूही खाली केलं नाही.

सूनबाई उठली. उठताना पाठीत कळ आली असावी, कारण तिने माझी पाठ घट्ट धरली, आणि मी, सगळे आरोप विसरून, तिला धरलं. मग तिने स्वयंपाकघराकडे वळून हाक मारली. माइक चालूच होता. "आई, वाढा हो!"

"आत्ता?" सासूबाईंचा आवाज सगळ्या शाखांनी ऐकला. "आणि तो कॅमेरा?"

"त्याला बघू दे."

तिने माझ्यावरची शाल ओढून काढली. लॅपटॉप उचलून माझ्याकडे वळवला. मी पडद्यावर आले, मित्रांनो. उडालेलं पॉलिश, पायाखालचा पुठ्ठा, शेजारी गुरगुरणारा फ्रिज आणि चादरीखालून डोकावणारा इस्त्रीच्या टेबलाचा पाय, अशी मी एकदम सगळ्या शाखांत दिसले. मी अंग चोरलं नाही. चोरायला येत नाही.

"बक्षीस मिळालेला कोपरा तो हाच," सूनबाई म्हणाली. आवाज तोच होता, बॅगेचा रंग विचारताना असतो तो. "कुंडी शेजाऱ्यांची होती, शाल सासूबाईंची. ही खुर्ची आमची. ही जेवायची खुर्ची आहे. हिच्यावर बसून मी इतके दिवस फक्त जेवले नाही, बाकी सगळं केलं. ते आता करते."

साहेबांचा चौकोन हलला. "अहो, हे... हे आपण नंतर बोललो तर? सहभागाच्या दृष्टीने..."

"सर, विषय जेवणाच्या सुट्टीचं महत्त्व आहे. माझ्याएवढा सहभाग कुणाचा आहे?"

सासूबाई ताट घेऊन आल्या. भात होता, भाजी होती, वर तुपाची धार होती. पडद्यात वाकून बघत त्या म्हणाल्या, "अगंबाई, केवढी माणसं! सगळी उपाशीच?" सूनबाईने माझ्यावर बसून ताट मांडीवर घेतलं आणि पहिला घास घेतला. कंपनीत इतकी शांतता कृतज्ञतेच्या आठवड्यातही झाली नव्हती.

ती शांतता प्रसन्नबाईंनी मोडली. त्यांच्या आवाजातलं हसू कुठेतरी ठेवल्यासारखं झालं होतं. त्यांनी विचारलं, "भाजी कसली आहे हो?"

"दुधी."

"मला दुधी आवडत नाही," त्या म्हणाल्या. "पण आज चालला असता. सगळ्या कंपन्यांना माझा तास जेवणाच्याच सुट्टीत हवा असतो. दुपारी जेवावं हे मी इतक्या लोकांना शिकवलंय की मी स्वतः शेवटची दुपारी कधी जेवले ते आठवत नाही."

"मग जा की बाई, घ्या चार घास," सासूबाई म्हणाल्या. "श्वास काय, तो त्यांचा ते घेतील."

प्रसन्नबाईंचा चौकोन रिकामा झाला. मग आणखी एक रिकामा झाला, मग त्याच्या शेजारचा. थोड्याच वेळात त्यातले काही चौकोन ताट घेऊन परत आले, काही आलेच नाहीत. शेवटी पडद्यावर ताटाविना साहेब तेवढे उरले, आणि त्यांच्यासमोर घास चावणारी आमची सूनबाई. साहेबांनी एकदा तिच्या ताटाकडे पाहिलं आणि मग तेही गेले.

संध्याकाळी सूनबाई हादरली. चुलीतला विस्तव विझला की भांडं कसं गार पडतं, तसं तिचं झालं. "आई, नोकरी गेली बहुतेक."

"जाऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "जेवलीस ना?"

नोकरी गेली नाही. कंपनीने त्याहून भयंकर गोष्ट केली. दोन दिवसांत साहेबांचा फोन आला, आवाजात नवा उत्साह. "वरच्यांना तुमची कल्पना फार आवडली! आता आपण 'सजग सहभोजन' सुरू करतोय. रोज सगळ्यांनी कॅमेऱ्यासमोर जेवायचं. यायचं ऐच्छिक आहे. नेतृत्व तुम्ही करायचं."

मी माझ्या झिजलेल्या पायावर सुद्धा स्थिर उभी राहिले, मित्रांनो. सगळं सूनबाईच्या उत्तरावर होतं. हो म्हटलं असतं तर कायम झाल्याचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं असतं, आणि जेवण कायमचं गेलं असतं.

"सर," ती म्हणाली, "जेवायला नेतृत्व लागत नाही, ताट लागतं. त्या तासाला मी लॅपटॉप मिटलेला ठेवणार आहे. माझं नाव जिथे लिहायचं तिथे लिहा."

आणि तिने तो रोज मिटला. पहिले काही दिवस मिटण्याआधी ती साहेबांचा फोन येतो का बघे. मग बघेना. प्रसन्नबाईंनी आमच्या कंपनीला कळवून टाकलं की दुपारचा तास त्यांना जमणार नाही, त्या वेळी त्या जेवतात. शिकवणारीच येईना तेव्हा सहभोजन आपोआप बारगळलं. कायम झाल्याचं पत्र बरंच रखडलं, पण आलं, कारण बॅगा हरवायच्या काही थांबल्या नव्हत्या आणि त्या शोधणारं दुसरं कुणी सापडत नव्हतं. उपक्रमातील सहभागापुढे 'समाधानकारक' असं लिहिलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे दुधी बरा झाला होता."

खुर्ची मात्र कंपनीने आजतागायत पाठवलेली नाही. 'योग्य खुर्ची कशी निवडावी' अशी एक गुळगुळीत पुस्तिका पाठवली. ती चार घड्या करून माझ्या डाव्या मागच्या पायाखाली घातली आहे. उपक्रमातून कुणाचं भलं झालं असेल तर ते माझं. आता मी तसूभर हलत नाही.

चाकाची खुर्ची शेवटी नवऱ्यानेच आणली, जुन्या सामानाच्या बाजारातून. उलटी करून पुसताना बुडाशी एक चिठ्ठी चिकटलेली सापडली. तिच्यावर सूनबाईच्याच विभागाचं नाव होतं. सूनबाई पाठीची पर्वा न करता हसत सुटली. "हरवलेलं सामान," ती म्हणाली. "मालक सापडला."

ती चाकवाली आता फ्रिजशेजारी असते. आमचं फारसं बोलणं नाही. तिला चाकांचा तोरा आहे, पण तिच्यावर बसून आजवर कुणी जेवलेलं नाही. मी टेबलापाशी परत आले आहे. रोज दुपारी सूनबाई फ्रिजपासून उठते, हात धुते आणि माझ्यावर बसून जेवते. जेवून झालं की उठते. सुतार बोलला होता अगदी तसंच.

तेव्हा मित्रांनो, आता द्या निकाल. पाठ मी बिघडवली नाही. ज्यांनी एका जेवणापुरत्या खुर्चीवर अख्खी नोकरी बसवली, त्यांनी बिघडवली. तुम्हाला कुणी श्वास शिकवायला आलं तर शिका, चेंडू दिला तर दाबा. पण तुमच्या ताटाच्या वेळेला हात घातला तर लॅपटॉप मिटा, पाठ ताठ करा आणि आत हाक मारा, "वाढा हो!" आपल्या गैरसोयीवर शाल टाकून तिचा फोटो काढू नका. तिला उजेडात आणा, वरच्यांना दाखवा, सगळ्या शाखांना दाखवा. कुणाला घाबरू नका. माझ्या घराण्यापायी राज्यं बुडाली आहेत, हे विसरू नका.

आणि हो, जेवून उठलात की मला टेबलाखाली आत सरकवत जा. येता-जाता करंगळी तुमची ठेचते आणि शिवी मला पडते.